अर्ध्या बाजूची मुळं

१० मार्च २०२४

सुकन्या,

फोन करू नको म्हणालीस. पत्राबद्दल काही म्हणाली नाहीस, म्हणून लिहिते आहे. एकोणीस वर्षं या गावच्या टपालाचा शिक्का माझ्या हातात आहे, पण ऑस्ट्रेलियाचं पाकीट आजवर माझ्या टेबलावर आलं नव्हतं. किती तिकिटं लावायची ते सेनगावच्या पोस्टात विचारावं लागलं. तिथल्या बाबूनं विचारलं, मॅडम, कोणाचं टपाल? मी म्हटलं, गावातल्या एका बाईचं.

तू रविवारी पप्पांना फोन करतेस तेव्हा मी मधल्या दारात उभी असते. पप्पा स्पीकर लावत नाहीत, तूच तसं सांगितलं असशील. पण पंचवीस वर्षं एसटीत कंडक्टरकी करत आलेला माणूस. तू काही बोललीस की तेच वाक्य ते मोठ्यानं परत म्हणतात, जसं मागच्या सीटवरच्या म्हातारीला थांबा ऐकू जायला हवा. मागच्या रविवारी म्हणाले, "आजीच्या कुंपणाचं झाड? ते तिकडं काहून आलं?"

मग मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. ॲडलेडच्या बाहेर टेकड्यांवर तू फिरायला गेली होतीस आणि तिथं रानात त्याच झाडाची, जखमीची, झुडपं उभी होती. कोणी न लावलेली, मूळचीच तिथली. पान तोडून बोटांत चोळलंस तेव्हा तेच चिकट तेल लागलं.

मला वाटायचं, जखमी हे फक्त आपल्याच भागातलं झाड. आजीनं शेळ्यांच्या वाड्याभोवती ते लावलं, कारण शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. तुझा गुडघा फुटायचा तेव्हा त्याचाच पाला ठेचून बांधायच्या. वाळलेली फळं कागदासारखी वाजायची, ती तू कानाशी धरून हलवायचीस.

आजीबद्दल पुन्हा एकदा सांगते. सगळं एका रात्रीत झालं. झोपेतच गेल्या. तुझे पेपर होते, सतरा नोव्हेंबरला संपणार होते, अठराला सांगू असं मी ठरवलं. मी ठरवलं, पप्पांनी नाही. चौकात तेरवीचं बॅनर सोळालाच लागेल आणि दत्ताकाकांचा पोरगा त्याचा फोटो स्टेटसला ठेवेल, हे डोक्यात आलं नाही. आजी गेल्याचं तुला बॅनरवरून कळलं. याच्यावर मी काय लिहू.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

आई

७ मे २०२४

सुकन्या,

परवाच्या रविवारी पप्पा म्हणाले, "खणून आणलं? परवानगी घेतली ना बाई?" मग थोडं थांबून, "मालकीणबाईंनी स्वतः दिलं? रस्ता रुंद करून राहिल्या? मग ठीक हाय."

त्या बाईंच्या शेताच्या वाटेवरचं झुडूप. दर वर्षी ट्रॅक्टरचं चाक जाऊन मोडायचं, पुन्हा फुटायचं. उंची दीड हात आणि खोड मनगटाएवढं. नाहीतरी मशिनखाली जाणार होतं. आता ते उथळ तबकात वाढवणार, बोन्साय करणार, तिथल्या बोन्साय क्लबातले एक आजोबा शिकवताहेत. पप्पांनी विचारलं, "म्हंजे लग्नाच्या हॉलमध्ये ठेवतात तसलं बुटकं झाड व्हय?" तू हसली असशील, कारण तेही हसले.

तू जे करते आहेस ते मला कळायला हवं असं वाटलं. आपल्या वाड्याच्या कुंपणात, जिथून शेळ्या आत-बाहेर करतात, तिथं असंच एक झुडूप आहे. शेळ्या खात नाहीत, पण घासून, तुडवून, अंगावर रेलून त्यांनी ते बुटकंच ठेवलंय. तू रविवारी खणलंस, मी सोमवारी सकाळी कुदळ घेतली. चारी बाजूंनी मुळं तोडली, उपटलं, फळीवरच्या आजीच्या जुन्या परातीला भोकं पाडून त्यात लावलं.

तुझे आबा शेळ्या घेऊन निघाले होते. बघत उभे राहिले.

"या उन्हात झाड उपटून राहिली. ऊन लागलं काय तुला?"

मी म्हटलं, मामा, सुकीनं पण कालच उपटलं.

"तिकडं उन्हाळा हाय?"

 संध्याकाळी पप्पांना विचारलं तर म्हणाले, तिकडं आता थंडी सुरू होतेय, पहिला पाऊस झालाय. तू बरोबर वेळेला खणलंस. मी कॅलेंडर पाहिलं, आभाळ पाहिलं नाही. इथं त्रेचाळीस आहे.

परात मधल्या खोलीत आणून ठेवली आहे, ओलं फडकं गुंडाळून. दिवसातून चारदा पाणी शिंपडते. आबा म्हणतात, झाडाला उपाशी ठेवून बुटकं करायचं, हे कसलं कौतुक? तुला विचारायला सांगितलंय. पप्पा विचारतील.

आई

१६ जून २०२४

सुकन्या,

आबांना तुझं उत्तर मिळालं. "उपाशी नसतं ठेवायचं, उलट रोज लक्ष द्यावं लागतं, असं म्हणतीय." आबा म्हणाले, मग शेळीसारखंच की. त्यांना पटलं आहे. काल गावात कोणाला तरी सांगत होते, आमची नात तिकडं झाड पाळून राहिली.

माझं झाड बरं नाही. पानं गळाली. पप्पांनी मोबाईलवर वाचून सांगितलं की नखानं साल जरा खरवडायची, आत हिरवं दिसलं तर जिवंत. मी खरवडलं, हिरवं होतं. बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, काल होतं, आज आहे का? मग वेगळ्या जागी. असं रोज. काल आबांनी परात उचलून उजेडात नेली आणि खोडावर हात फिरवला. जागोजागी पांढरे चट्टे.

"जितं हाय का म्हणून रोज कातडं सोलती. कसं जगल ते?"

 एक सांगायचं राहिलं होतं, ते सांगते. डिसेंबरात तुला शेजारच्या भिकाबाईच्या नंबरवरून फोन आला होता, तो मीच केला होता. टपालाच्या कामाच्या फोनवरूनही मीच. एकदा बाजारात एका अनोळखी बाईचा मोबाईल मागून घेतला होता. तू 'हॅलो' म्हणालीस की मी ठेवून द्यायची. पुन्हा नाही करणार.

या पाकिटात कुंपणाची एक लहान डहाळी ठेवते. तुझ्या झाडाची पानं अशीच आहेत का, शेजारी धरून बघ.

आई

२ सप्टेंबर २०२४

सुकन्या,

तुझं कार्ड आलं. आपल्या गावच्या थैलीतून मीच काढलं, मीच शिक्का मारला आणि मीच मला दिलं. थावरा पोस्टमन म्हणाला, मॅडम, सही कोण करणार? साध्या टपालाला सही लागत नाही हे तो सहा वर्षांत शिकला नाही, पण या वेळी मी त्याच्या वहीत सही केली.

चार ओळी आहेत, पाठ झाल्या. तिथल्या टपाल तपासणीनं माझं पाकीट फोडलं, डहाळी काढून जाळली, आत छापील ताकीद घालून पत्र तेवढं तुला पाठवलं. पुन्हा असं झालं तर दंड तुला होईल. आणि शेवटी, "आई, पाकिटात पान घालतात का? तू पोस्टात आहेस ना आई."

एकोणीस वर्षं मी लोकांना काचेआडून विचारते, आत काय आहे? लोणचं? औषध? खरं सांगा. आणि मीच. पप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. जेवताना दोनदा आठवून हसले. या घरात किती दिवसांनी कोणी हसलं ते मी मोजलं नाही, पण आबांनी मान वर करून बघितलं.

'आई' तू दोनदा लिहिलंस. एकदा लिहिलं असतंस तरी वाक्य पूर्ण झालं असतं.

तुझ्या झाडाला पालवी आल्याचं रविवारी कळलं. "सात ठिकाणी? जुन्या खोडावर?" पप्पा हे दोनदा म्हणाले, दुसऱ्यांदा दाराकडं तोंड करून.

माझं झाड गेलं. मला न विचारता आबांनी ते चुलीत घातलं आणि परात घासून फळीवर परत ठेवली.

आई

२० ऑक्टोबर २०२४

सुकन्या,

आज एक मोठं पत्र लिहिलं आणि फाडलं. त्यातलं एकच इथं लिहिते: मी तुला जे सांगितलं, ते सगळं खरं नाही. बाकीचं लिहायला अजून थोडे दिवस दे.

आई

६ नोव्हेंबर २०२४

सुकन्या,

आज तारखेनं वर्ष झालं.

आजी झोपेत गेल्या नाहीत. एका रात्रीतही नाही. तीन दिवस ताप होता, छाती भरली होती. सेनगावला नेऊन आणलं, डॉक्टरांनी वय झालंय असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला, उठून बसल्या, मला म्हणाल्या चहा दे. चहा अर्धा प्याल्या. मग म्हणाल्या, "सुकीला फोन लाव. तोंड दिसल तसला लाव."

चार वाजले होते. तुझ्याकडं रात्रीचे नऊ. मला ते वेळेचं गणित पाठ आहे, दोन वर्षं मी दुसरं काय करते? तू जागी असशील हे मला माहीत होतं. पण दुसऱ्या दिवशी तुझा पहिला पेपर होता. त्यांचा चेहरा उतरलेला, दम लागलेला. तू बघितलं असतंस तर विमानाचं तिकीट काढलं असतंस. मला वाटलं, आज ताप उतरलाय, चार दिवसांनी चांगल्या दिसतील, तेव्हा लावू.

मी म्हटलं, आत्याबाई, तिकडं मध्यरात्र झाली, ती झोपली.

त्या म्हणाल्या, "मग निजू दे लेकराला. सकाळी लाव."

सकाळ त्यांना मिळाली नाही. पहाटे गेल्या.

हे तुला पेपर संपल्यावरही सांगितलं नाही, मार्चच्या पत्रातही खोटंच लिहिलं. पप्पा ड्युटीवर होते, त्यांना हे फोनचं माहीत नव्हतं. काल सांगितलं. ते ड्युटीची बॅग काढून तिचे बंद पुसत बसले. आबांना माहीत आहे, ते तिथंच खाटेशी बसले होते. वर्षभर एका शब्दानं बोलले नाहीत.

तू माझ्यावर रागावलीस ती बॅनरसाठी. खरं कारण तुला माहीतच नव्हतं. खोट्या कारणावरून मिळालेली माफी मला घरात ठेवता येणार नाही, म्हणून लिहिलं. आता तू मला आई लिहिलं नाहीस तरी मी समजेन.

साधना

९ फेब्रुवारी २०२५

सुकन्या,

मधे तीन रविवार फोन वाजला नाही. चौथ्याला वाजला. पप्पा फोन घेऊन अंगणात गेले, कुंपणापाशी उभे राहून बोलले. आता ते काही परत म्हणत नाहीत. नुसतं हं, हं. मी दारात उभी राहणं सोडलं आहे. त्या वेळी घरातली टपालाची खोली झाडते.

मी तुला सगळं लिहिल्याचं आबांना संक्रांतीच्या दिवशी सांगितलं. ते शेळीचं पिल्लू मांडीवर घेऊन बसले होते.

"लिवलं ते बराबर केलं," म्हणाले. पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवत पुढं म्हणाले. "मी बी होतो तिथं. मला फोन लावता येत न्हाई, असं मी सगळ्यांला सांगतो. तुझ्या सासूच्या फोनात सुकीचा फोटो होता. त्याच्यावर बोट दाबायचं होतं नुसतं. ते येत होतं मला."

मग पिल्लू खाली ठेवून कुंपणाकडं गेले. मी खणलेला खड्डा अजून तसाच होता. शेळ्या तिथून बाहेर पडायच्या म्हणून आबांनी बाभळीचं काटेरी फांदं टाकलं होतं. ते काढलं, खड्डा बुजवला आणि मला बोलावून शेजारचं दुसरं झुडूप दाखवलं. तेही शेळ्यांनी घासून वाकडं केलेलं, पहिल्यापेक्षा जाड. म्हणाले, पोरीला इचार, हे कसं काढायचं. आपल्या मनानं नको आता.

म्हणून विचारते. एवढंच विचारायचं आहे.

आई

६ जुलै २०२५

सुकन्या,

तुझं पत्र गुरुवारी आलं. पाच पानं. वाचायला टपालाची खोली बंद करावी लागली. बाहेर जनकाबाई तिच्या मुलीचं खातं उघडायला आली होती, तिला उद्या ये म्हटलं. पहिल्यांदाच असं केलं.

त्या दिवशी नऊ वाजता तू जागी होतीस. डाळ-भात खात होतीस, फोन पुस्तकाला टेकवून समोर उभा ठेवला होतास. हे तू लिहिलंस ते बरं केलंस. मी ते पुन्हा पुन्हा वाचते. ते मला माहीत असायला हवं.

शेवटचा पेपर तू दिलाच नव्हतास आणि पुढच्या सत्रात दिलास, हेही पहिल्यांदा कळलं. म्हणजे ज्या पेपरांसाठी मी हे केलं, त्यातला एक त्याच्यामुळंच गेला.

तू लिहिलंस, "माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण अजून तसं वाटत नाही. खोटं न लिहायचं तूच सुरू केलं आहेस." हे वाक्य मला तुझ्या सगळ्या मार्कशीटांपेक्षा आवडलं. तसंच राहू दे. वाटेल तेव्हा, वाटलं तर.

झाडाबद्दल तू लिहिलेलं आबांना वाचून दाखवलं. रानातलं जुनं झाड एका दिवसात उपटायचं नसतं. ते जागेवरच राहू द्यायचं. यंदा एका बाजूनं अर्धं गोल खणायचं, तेवढीच मुळं कापायची, माती परत भरायची. अर्ध्या बाजूवर झाड जगतं आणि कापलेल्या बाजूला खोडाजवळ नवी बारीक मुळं धरतं. दुसरी बाजू पुढच्या वर्षी. मगच उचलायचं. तुझं झाड एकदम काढावं लागलं कारण मशीन यायचं होतं, आणि ते वाचलं हे नशीब, असंही तू लिहिलंस.

आबा म्हणाले, "वरीसभर थांबायचं? बरं हाय. मी कुठं चाललोय?"

काल पाऊस चांगला झाला होता, माती मऊ होती. उगवतीच्या बाजूनं अर्धं गोल खणलं. मुळं विळ्यानं एकेक कापली. मध्ये एक जाड मूळ लागलं, तिथं आबांनी विळा घेतला. माती भरून दाबली. ज्या बाजूला हात लावायचा नाही तिथं आबांनी तीन दगड मांडले आहेत, मी विसरेन म्हणून. मी विसरणार नाही.

साल खरवडलेली नाही.

आई

१८ जानेवारी २०२६

सुकन्या,

काय झालं ते तुला माहीतच आहे, तरी लिहिते. काही गोष्टी कागदावर असाव्यात.

आज फोन आला तेव्हा पप्पा अंगणात गेले नाहीत. घरातच बसले आणि कितीतरी महिन्यांनी आपल्या जुन्या आवाजात म्हणाले, "तिकीट काढलं? जुलैचं?" मी टपालाच्या खोलीत होते, हातात झाडू. पुढचं वाक्य ऐकायला आले आणि सवयीनं मधल्या दारातच थांबले. पप्पांनी माझ्याकडं बघितलं, मग फोनकडं. फोन पुढं केला.

"घे. ती म्हणतीय, दारातल्या बाईला द्या."

म्हणजे तुला माहीत होतं. पहिल्या रविवारपासून. पप्पा मोठ्यानं कोणासाठी बोलतात ते कळत होतं आणि तरी तू त्यांना झाडाचं सगळं सांगत राहिलीस. पालवीच्या सात जागा त्यांना काय करायच्या होत्या?

मी फोन कानाला लावला. दोन वर्षं मनात जे जे तयार ठेवलं होतं त्यातलं काही आलं नाही. तूच बोललीस.

"आई, दुसरी बाजू कापली नाहीस ना?"

"नाही."

"मी आल्यावर कापू."

मग तू विचारलंस, थंडी आहे का? मी म्हटलं, सकाळी असते. तू म्हणालीस, इथं चाळीस आहे, झाडाला सावलीत ठेवलंय. एवढंच बोललो आपण. फोन परत दिला तेव्हा माझ्या हाताचा घाम त्याला लागला होता, पप्पांनी तो शर्टाला पुसला.

दुपारी कुंपणापाशी गेले. कापलेल्या बाजूची वरची माती बोटांनी जराशी सारली. खोडाच्या बुडाशी पांढरी मुळं धरली आहेत, शेवयांसारखी बारीक. बघितली आणि लगेच झाकली. आबांनी लांबून पाहिलं, ओरडले नाहीत, म्हणजे ठीकच केलं असेल. तीन दगड जागेवर आहेत. एक शेळी रोज त्यावर पाय ठेवून उभी राहते, पण हलवत नाही.

तुझं झाड तू आणू शकणार नाहीस, ते मला कळतं. फोटो आण, कागदावर छापलेला, आबांना मोबाईलवर नीट दिसत नाही. इथलं झाड आपण उचलू तेव्हा त्याला कसलं तबक हवं ते सांग. वसमतच्या बाजारात मातीची मिळतात, पण उथळ नसतात. कुंभाराला सांगून करून घेता येईल. तोवर आजीची परात आहेच, भोकं पाडलेली.

विळ्याला धार लावून ठेवेन. जुलैत माती ओली असेल, काही घाई करावी लागणार नाही.

पाकीट चिकटवायच्या आधी दोनदा उलटं करून झटकलं. तपासणीवाल्यांनी फोडलं तरी त्यांना काही सापडणार नाही. या वेळी आत फक्त पत्र आहे, आणि त्यात सगळं आहे.

आई